ख्रिस्ती वाचन सुचवताना या चुका टाळा

आमच्या चर्चमधलं पुस्तकांचं कपाट मी सांभाळते. बेळगावच्या कॅम्पापासून खानापूरपर्यंतची माणसं रविवारची भक्ती झाली की तिथं थांबतात आणि म्हणतात, "टीचर, वाचायला काहीतरी चांगलं द्या की." देणारे आणि घेणारे, दोघांच्याही त्याच त्या चुका बघून मी कंटाळलेय.

सगळ्यात मोठी चूक माझीच, पूर्ण न वाचता सुचवण्याची. एक मावशी होत्या, साखरेचा आजार, नवरा नुकताच गेलेला. माझ्या हाती एक पातळ पुस्तिका आली. पहिली चार-पाच पानं वाचली. दुःखात प्रार्थना कशी करावी ते साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात. म्हटलं, मावशींना हीच द्यावी. पुढच्या दोन रविवारी मावशी दिसल्या नाहीत. घरी गेले तर अंथरुणावर, तोंडाला कोरड, नीट बोलवत नव्हतं. "गोळ्या बंद केल्यात की," म्हणाल्या. "तुम्हीच दिलेल्या पुस्तकात लिवलंय, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी." मी उभ्या उभ्या पुस्तिका चाळली. शेवटून तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं. लेकानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

मावशींची समजूत शेवटी बायबलनेच काढली. वारंवार दुखण्याने बेजार झालेल्या तीमथ्याला, म्हणजे आपल्या तरुण सहकाऱ्याला, प्रेषित पौल लिहितो, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे (1 तीमथ्य 5:23). लूक या आपल्या सोबत्याला तर तो 'प्रिय वैद्य' म्हणतो (कलस्सै 4:14). मग पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचा का? तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक शेवटच्या पानांपासून वाचायला घेते. सुरुवातीला सगळेच गोड लिहितात. पैसे मागायचे, औषध सोडायला लावायचं, आपल्याच मेळाव्याला बोलवायचं, ते सगळं शेवटी येतं.

दुसरी चूक वचनाचा तुकडा तोडून देण्याची. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची परीक्षा जवळ आली की प्रत्येक पोराच्या हातात यिर्मया 29:11 पडतं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, म्हणजे पेपर सोपा जाणार. अहो, वरचीच ओळ वाचा. बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन, असं तिथं म्हटलंय. हे पत्र बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे. घरं बांधा, मळे लावा, तिथंच संसार करा, असं पाचव्या-सहाव्या ओवीत सांगून झालंय. ते ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी परतीचा दिवस पाहिलाच नसेल. वचन त्यामुळे कमी होत नाही, उलट जड होतं. पण ते जड ओझं परीक्षेच्या पॅडवर चिकटवून काय उपयोग? फिलिप्पै 4:13 चंही तेच. 'मी सर्व काही करू शकतो' एवढंच टी-शर्टवर येतं. बेड्यांत असलेला पौल आदल्या ओळीत भुकेलं राहायलाही शिकलो म्हणतो, ते कुणी छापत नाही. माझी सवय अशी, की कुणी वचन दाखवलं की आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओळी मोठ्यानं वाचून घ्यायच्या. "एवढा वेळ कुणाला आहे टीचर?" असं एक पोरगा म्हणाला. चहा निवायला लागतो तेवढाच लागतो.

'प्रयत्नांती परमेश्वर' बायबलात नाही. शोधू नका.

येशूच्या येण्याची तारीख सांगणारं काहीही मी कपाटात ठेवत नाही. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं मार्क 13:32 मध्ये आहे; ते वाचा आणि पैसे वाचवा.

नवशिक्यांना प्रकटीकरणाची, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या गूढ पुस्तकाची, भारी घाई. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत.

कॅथलिक शेजाऱ्याने मक्काबी नावाच्या पुस्तकातला दाखला दिला आणि आपल्या प्रोटेस्टंट बायबलात सापडला नाही, तर त्याला खोटं पाडू नका. त्यांच्याकडे 73 पुस्तकं आहेत, आपल्याकडे 66.

भाषेचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी. आजी मराठी वाचते, नातू कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेतला, आणि तो आजीला इंग्रजी लेख मोबाइलने मराठी करून देतो. एकदा 'नोकरीचे पुस्तक' वाचून आजी गोंधळल्या. ते ईयोबाचं पुस्तक होतं! इंग्रजीत ईयोब आणि नोकरी, दोन्हींचं स्पेलिंग एकच, Job. नातवानं शेजारी बसून तोंडी सांगावं, एवढं सोपं आहे.

आणि सगळं परदेशी लेखकांचंच कशाला? बाबा पदमनजी 1831 साली याच बेळगावात जन्मले. विधवांच्या हालांवरची त्यांची 'यमुनापर्यटन' 1857 ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती मानली जाते. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होतं, तेवढा दम धरावा लागतो. गेल्या पावसाळ्यात त्या मावशींना मी तीच दिली. घेताना त्यांनी आधी शेवटची पानं उलटून बघितली.