घरच्या अंत्ययात्रेला चॅनलवाले आले तर काय करायचं

पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, डोंबिवली, पुणे, पनवेलच्या अंत्ययात्रा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. माझं मत स्पष्ट आहे, लोकांची गर्दी, श्रद्धांजली लांबून दाखवा, तेही घरचे हो म्हणाले तरच, पण रडणाऱ्या बायकोच्या, पोराच्या तोंडावर झूम करायचा हक्क कोणालाच नाही.

तर आधी शेजारचा किंवा नात्यातला एकच धीराचा माणूस ठरवा, मीडियाशी फक्त तोच बोलेल. बूम माईक दारात आला की त्याने सरळ सांगायचं, "दादा, मैदानात शूट करा, घरात नाही, आणि मुलांचे चेहरे नकोत." लोक ऐकतात बऱ्याचदा, नाही ऐकलं तर बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा. स्मशानात चिता पेटताना कॅमेरा लांबच ठेवायला लावा, हे आधीच बोलून घ्या कारण त्या वेळी भांडायची ताकद कोणात नसते.

बलात्कार करून खून झालेली असेल तर मात्र घर, गल्ली, आईवडील काहीच दाखवू देऊ नका, मेल्यावरही ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

तरी दाखवलंच तर चॅनल, तारीख, वेळ लिहून ठेवा, स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या आणि आधी चॅनलकडेच लेखी तक्रार करा. २०२१ च्या केबल नियमांनुसार त्यांना १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाही पटला तर पुढच्या १५ दिवसांत त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे (चॅनलवाल्यांनीच मिळून केलेली, अशा तक्रारी ऐकणारी संस्था) जाता येतं.