दुपारची सुस्ती आणि दहाची पेज

गोव्यात फोंड्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी कपड्यांचे ढीग पडतात, दुपारी दुकान बंद ठेवणं परवडत नाही. मशीनवर हात असताना डोळे जड होऊन चालत नाही, म्हणून मी जेवणाची घडी बदलली. हे सगळ्यांनी करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी सतर्कता थोडी उतरतेच, शरीराचं घड्याळच तसं आहे. पण सकाळी नुसता चहा-पाव, मग दीडपर्यंत काहीच नाही, आणि नंतर ताटभर शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), वर तळलेले बांगडे. इतक्या भुकेवर खाल्लेल्या भाताने रक्तातली साखर झपाट्याने चढते, आणि तळणामुळे पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. मग अंग सुस्तावतं.

यावरचा उपाय आपल्याच घरात होता: दहाची पेज, म्हणजे सकाळी दहाला घ्यायचा पातळ, पाणीदार भात. माणशी मूठभर उकडे तांदूळ रात्री धुऊन भिजत घाला. सकाळी सहा-सात पट पाण्यात, दाणा फुटेपर्यंत शिजवा, मीठ शेवटी. हे तांदूळ सालासकट उकडलेले असतात, त्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. मात्र नुसत्या लोणच्याबरोबर पेज पिऊ नका, तासाभरात परत भूक लागते. सोबत वाटीभर उकडलेले आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) किंवा मूग घ्या, नाहीतर सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर. रक्तदाब असेल तर लोणचं आणि सुकं नुस्तं (सुकी मासळी) बेतानेच.

पेज पोटात असली की दुपारी भात आपोआप निम्मा लागतो. आधी भाजी आणि मासळी खा, भात नंतर. साखर हळू चढते. जेवल्यावर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चाला. मी बाजारातून एक फेरी मारते. चालताना स्नायू ती साखर वापरतात.

चहा जेवणाला लागून नको, भाजी-कडधान्यातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराने घ्या. संध्याकाळी उशिराचा चहा मी सोडलाच, रात्रीची झोप बिघडली की दुसरी दुपारही गेलीच.

मधुमेह असलेल्यांनी पेज किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं; पातळ असली तरी ती भातच आहे. आणि खाणं, झोप नीट असूनही थकवा आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. बायका हे फार पुढे ढकलतात.