आयक्यू चाचणी घेताना आणि तिचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

समजा चाचणीत प्रश्न आहे, ‘सांबार म्हणजे काय?’ पुण्यातलं मूल म्हणेल, इडलीबरोबर असतं ते. नागपूरकडचं मूल म्हणेल, भाजीवर चिरून घालतात ती हिरवी पानं. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे परीक्षकाला ठाऊक नसलं, तर दुसऱ्याला शून्य. (प्रश्न मी रचलेला आहे. वापरातल्या चाचण्यांचे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात.)

ही चूक निदान लगेच दिसते. शाळेतले समुपदेशक, शिक्षक आणि हातात रिपोर्ट घेऊन गोंधळलेले पालक, यांच्यासाठी लिहितोय ते न दिसणाऱ्या चुकांबद्दल.

शब्द मराठी केले की चाचणी मराठी झाली, असं धरून चालणं

इंग्रजी संच समोर उघडायचा आणि मुलाला बसल्या जागी मराठीत विचारत जायचं, हे सर्रास चालतं. वेळ नसतो, मराठी संच कपाटात नसतो, सगळं मान्य. पण त्यातून निघालेल्या आकड्याला बुद्ध्यंक म्हणता येत नाही.

कारण भाषांतरात अर्थ येतो, अवघडपणा जसाच्या तसा येत नाही. ‘शूर’ पहिलीतल्या मुलाला कळतं. त्याच जागी परीक्षकाच्या तोंडून ‘धैर्यशील’ निघालं की तोच प्रश्न चार इयत्ता वर सरकतो. शब्द सोडा, आकड्यांतही हे घडतं. ऐकलेले अंक त्याच क्रमाने परत म्हणायचे, हा प्रकार बऱ्याच बुद्धिमापन चाचण्यांत असतो. १९८० साली एलिस आणि हेनेली या संशोधकांनी दाखवलं, की वेल्श भाषेतले अंक उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहतात. वेल्श मुलांच्या स्मरणशक्तीत काही खोट नव्हती. अंकच लांब होते!

धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांना हे नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. बिने ही फ्रान्समध्ये बनलेली बुद्धिमापन चाचणी त्यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली, तेव्हा नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो, हे त्यांनी इथल्या मुलांवर पुन्हा तपासलं. तो अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला, पुस्तक १९४० साली आलं. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी मुलांसाठीच्या वेश्लर बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप १९६९ साली दिलं. बिने-कामत आणि मालिन ही नावं आजही रिपोर्टांवर दिसतात.

करायचं काय? मराठी संच मिळवा. तोवर इंग्रजी संचावरच भागवायचं असेल, तर आकडा लिहू नका. मुलाने काय केलं, कुठे अडलं, ते शब्दांत लिहा.

घरी कोणती भाषा बोलतात, हे न विचारणं

फॉर्मवर ‘माध्यम: मराठी’ असतं आणि आपण पुढे जातो. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलत असेल, गडचिरोलीतलं गोंडी, खानदेशातलं अहिराणी. गोव्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत बसलेल्या मुलाची घरची भाषा अनेकदा कोकणी असते. शाळेची मराठी त्यांच्यासाठी शिकलेली भाषा आहे.

कॅलिफोर्नियात हीच गोष्ट कोर्टात गेली. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीत चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे गुण त्या मर्यादेच्या वर गेले. १९७० साली तडजोड झाली, ती डायना खटला म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं. मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन होणार असेल, तर ते शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेत व्हावं असं तिथला कायदा सांगतो. मागणी लेखी करा.

‘चित्रांची चाचणी दिली, म्हणजे संस्कृतीचा प्रश्न मिटला’

भाषेची अडचण दिसली की हात आपोआप रेव्हनच्या आकृत्यांकडे जातो. शब्द नाहीत, माहिती नाही, फक्त नक्षीतला हरवलेला तुकडा शोधायचा. १९३८ पासून ही चाचणी ‘सर्वांना सारखी’ म्हणून वापरली जाते. आता संशोधक जेम्स फ्लिन यांनी काय दाखवलं ते पाहा. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचे अशाच चाचणीवरचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० बुद्ध्यंक-गुणांनी वाढले. देश तोच, भाषा तीच, आणि तीस वर्षांत मेंदूची जात बदलत नसते. बदललं ते शिक्षण आणि भोवतालचं जग. एकाच देशात असं होतं, तर पाड्यावरचं मूल आणि ठाण्यातलं मूल यांना ती नक्षी सारखीच वाटेल कशी?

माझं आवडतं उदाहरण झांबियाचं आहे. रॉबर्ट सर्पेल यांनी लुसाका आणि मँचेस्टर इथल्या मुलांना नमुने बघून नक्कल करायला सांगितली. कागद-पेन्सिलीवर इंग्रज मुलं पुढे. तारेच्या आकृत्यांत झांबियाची मुलं पुढे, कारण तिथे पोरं तारेच्या गाड्या बनवून खेळतात. मातीकामात दोघं बरोबर. पोळ्याला मातीचे बैल हुबेहूब वळणारं आपल्याकडचं मूल पेन्सिलीने चौकोन काढताना अडखळलं, तर त्याला आकार कळत नाही असं लिहिण्याआधी हे आठवावं.

वेगळं उत्तर चुकीचं धरून पुढे जाणं

१९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं विचारलं. शेतकरी म्हणत, सगळं लागतंच की, ओंडका नसेल तर करवतीचं करायचं काय? लायबेरियातल्या क्पेले लोकांचा किस्सा तर आणखी बोलका. वस्तू गटांत लावायला सांगितल्यावर त्यांनीही सुरीबरोबर संत्रं ठेवलं, कारण शहाणा माणूस असंच लावतो. मग संशोधकाने विचारलं, मूर्ख माणूस कसं लावेल? लगेच हत्यारं एकीकडे, खाणं एकीकडे!

म्हणून चाचणी नियमाप्रमाणे पूर्ण झाल्यावर अडलेल्या प्रश्नांकडे परत जा. घड्याळ बाजूला ठेवा, शब्द बदला, ‘अजून कसं लावता येईल?’ असं विचारा. हे गुण मूळ गुणांत मिसळायचे नाहीत, वेगळे नोंदवायचे. गप्प बसलेल्या मुलाबाबतही हेच करा. मोठ्यांसमोर उगाच बोलू नये असं घरी बजावलेलं मूल अनोळखी साहेबांपुढे ‘माहीत नाही’ म्हणतं आणि सुटका करून घेतं.

प्रश्न नुसता वाचून त्याला पक्षपाती किंवा निर्दोष ठरवणं

इथे आमच्यासारखे चाचण्यांवर टीका करणारेही घसरतात. ‘तुझ्यापेक्षा लहान मुलाने तुझ्याशी मारामारी सुरू केली तर काय करशील?’ हा वेश्लर चाचणीच्या जुन्या आवृत्तीतला प्रश्न कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय करतो, असं अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. प्रत्यक्ष उत्तरं तपासली तेव्हा तो त्यांना इतर प्रश्नांच्या मानाने जड गेलेला दिसला नाही. कोर्टांतही हाच घोळ. १९७९ साली लॅरी पी. खटल्यात न्यायाधीश पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात घालण्यासाठी या चाचण्या वापरायला बंदी घातली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या न्यायाधीश ग्रेडी यांनी एकेक प्रश्न स्वतः वाचला, मोजकेच वाईट ठरवले आणि चाचण्यांना मोकळीक दिली. (ते प्रश्न त्यांनी निकालपत्रात छापूनही टाकले!)

प्रश्न खटकला तर खूण करा, पण निवाडा गुणांवरून होतो. एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांतल्या मुलांना तोच एक प्रश्न वेगवेगळा जड जातो का, ते पाहतात. शाळेत एवढी मुलं नसतात, म्हणून हे काम चाचणी बनवणाऱ्यांचं.

जुन्या मानकांवर गुण काढणं

मानकं म्हणजे त्या वयाच्या मुलांचे तुलनेसाठी ठरवलेले गुण. ती जुनी असली की गुण सहसा फुगतात, कारण वर फ्लिन यांच्या उदाहरणात दिसलं तसे पिढीगणिक गुण वाढत आले. अमेरिकेत हा फरक दशकाला सुमारे तीन गुण इतका आढळला. म्हणजे खरी मदत हवी असलेलं मूल कागदावर ‘ठीक’ दिसतं आणि सवलतीला मुकतं. पक्षपात दरवेळी गुण खालीच ओढतो असं नाही. मॅन्युअलवरचं साल बघा.

एका आकड्यावर मुलाचा निकाल लावणं

१९७० साली अमेरिकेत एका सरकारी अहवालाने ‘सहा तासांचं मतिमंद मूल’ असा शब्द वापरला होता. शाळेचे सहा तास मंद, बाकी दिवसभर घरात-गल्लीत व्यवस्थित. ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणारी मुलगी धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणते, आणि निम्मं वर्ष शाळेबाहेर असते. तिच्या रोजच्या वागण्याची नोंद घेतल्याशिवाय ‘बौद्धिक अक्षमता’ हे शब्द लिहायचेच नाहीत. त्यासाठी सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड श्रेणी आहे. तिचं भारतीय रूपही मालिन यांनीच केलं.

आकड्याभोवती पाच-सहा गुणांचा पल्ला असतोच. बौद्धिक अक्षमतेसाठी ७० ही रेघ असताना ६८ आणि ७२ यांत फरक मानू नका. रिपोर्टात ‘बुद्ध्यंक ७१’ एवढंच लिहून सही करण्याऐवजी असं लिहा: ‘बुद्ध्यंक ७१, पल्ला अंदाजे ६५ ते ७७. चाचणी प्रमाण मराठीत, घरची भाषा कोरकू. शाळेत सलग हजेरी दोन वर्षं. वेळेचं बंधन काढल्यावर ठोकळ्यांच्या आणखी तीन रचना जमल्या. वर्षभराने पुन्हा तपासावं, कोरकू बोलणारी व्यक्ती सोबत असावी.’