बीटल की जिम्नी? आधी दोघींच्या खाली वाकून बघा

माझी 1972 ची फोक्सवॅगन बीटल आहे आणि सुझुकीची 2018 नंतरच्या पिढीतली जिम्नी, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी छोटी गाडी, हीही मी चालवते. यातली कुठली घ्यावी असं कुणी विचारलं, की मी सांगते: दोन्ही एकाच दिवशी बघा आणि इंजिन थंडच असू द्या. हात लावून खात्री करा. बीटलचं इंजिन मागे असतं, तेव्हा हात मागच्या झाकणावर ठेवा. गरम लागलं तर निघा आणि इंजिन थंड असताना पुन्हा या.

बीटलमध्ये रंगाला भुलू नका. मागची सीट उचला. उजवीकडे खाली बॅटरी असते. तिच्याखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. भुगा पडला तर गंज आतपर्यंत गेलाय. मग दारांखालचे पोकळ पत्रे बघा. हीटरची हवा तिथून जाते आणि बॉडीचा जोरही त्यांच्यावरच असतो, म्हणून ते बदलणं मोठं काम. शेवटी इंजिन बंद ठेवून क्रँकची पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाचं, पट्ट्याचं चाक) दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ओढा. खटखट जाणवली तर इंजिन खोलावं लागणार, हे धरूनच भाव करा. चांगल्या इंजिनात ही हालचाल हाताला जवळजवळ कळतच नाही.

जिम्नीत गंजाइतकंच तेलाकडे बघा. ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी गियरपेटी) आणि पुढचं-मागचं अशा दोन्ही डिफरन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) तेल दुधाळ दिसलं, तर पाणी आत शिरलंय. सुट्या खडीवर 4एच (चारही चाकांना ताकद) लावून वळवून बघा, मग गाडी उभी करून 4एल (तेच, पण हळू आणि जास्त जोराच्या गियरमध्ये). कोरड्या डांबरावर मात्र हे नको: वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्या दोन्हींच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण गियरांवर येतो. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत.

देखभालीचं म्हणाल, तर बीटलचे टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची फट) मी दर 5,000 किलोमीटरला थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटरला सेट करते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडखळत सरकला पाहिजे. सकाळ जाते, पण मला ते काम मनापासून आवडतं. तुम्हाला आवडणार नसेल तर जिम्नीच घ्या.

चालवून बघताना आधी बीटल घ्या. तिच्या ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, पाय जोरात दाबावा लागतो. त्यानंतर जिम्नीत बसलात की पहिला ब्रेक अगदी हलका लावा.