कन्सल्टिंगची तयारी, कापसाच्या गंजीजवळून

पहिल्याच केस इंटरव्ह्यूत, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणारी कन्सल्टिंग फर्म धंद्याचं एखादं कोडं सोडवायला देते त्या मुलाखतीत, मी आपटलो. प्रश्न साधा होता: एका कारखान्याचा नफा दोन वर्षांत घटला, कारण शोधा. मी धाडकन म्हणालो, "खर्च कमी करावा लागेल." समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुठला?" पुढची वीस मिनिटं मी घाम पुसत होतो.

दिवाळीत आर्वीकडे गावी आलो, तेव्हा जिनिंगमधल्या दिवाणजींना ही फजिती सांगितली. ते हसले. "बाप्पा, आधी भाव इचार, मंग उतारा इचार, मंग नफ्याचं बोल!" आणि पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी, बाकी घट. सोपे भाव धरले: रुई 150 रुपये किलो, सरकी 35. हातात आले 7,340. कापूस 7,000 ने घेतला असेल तर उरले 340, आणि मजुरी, वीज, व्याज सगळं त्यातूनच. आता उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी रुई, 34 चा 33 झाला आणि तो किलो सरकीत गेला, तर 115 रुपये बुडाले. 340 मधला तिसरा हिस्सा तिथेच साफ! माल ओला असला तर आणखी पंचाईत, कारण पाणी उडून जातं, त्याचे पैसे मात्र दिलेले असतात. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस का घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

केस म्हणजे एवढंच: उत्पन्न आणि खर्च वेगळे करायचे, प्रत्येकाचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा हलला ते विचारायचं. आयआयएमच्या क्लबांची केसबुकं, म्हणजे सरावाच्या केसचे संग्रह, जरूर वाचा, पण आधी गावातली दाळ मिल, दूध डेअरी, बाजार समिती असंच उकलून पाहा. शेतकरी उत्पादक कंपनीला बिझनेस प्लॅन लागतोच; कुणी करू दिला तर फुकटही करा. मी तुरीच्या दाळीचा केला होता. रेझ्युमेवर सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ओळीवर आले.

खरं सांगायचं तर मॅकिन्झी, बीसीजी, बेन या नामांकित कन्सल्टिंग कंपन्या आपल्यासारख्या गावाकडच्या कॉलेजात भरतीला येत नाहीत. मोठ्या फर्ममधली अॅनालिस्टची नोकरी, मग कॅट आणि एमबीए, हा वळसा बहुतेकांना घ्यावा लागतो. एक्सेलचं पिव्होट टेबल मात्र आत्ताच शिका, दोन रविवारांचं काम आहे.

इंग्रजीची भीती मलाही होती. व्याकरणापेक्षा आकडे मोठ्यानं बोलण्याचा सराव कामी आला. मी आणि माझा दोस्त वर्धेच्या एसटीत एकमेकांना विचारायचो, आर्वीत रोज किती कप चहा विकला जात असेल? कंडक्टर एकदा तिकीट फाडता फाडता म्हणाला, "पोट्टेहो, स्टँडवरचा चहा धरला का?" आम्ही धरला नव्हता.