स्वस्तातलं सूत

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून लागून मला सहा महिनेही झाले नव्हते. मार्च २०२० चा दुसरा आठवडा. परदेशी ऑर्डरी लांबत होत्या. नेमका तेव्हाच एक सूतव्यापारी रोखीत भाव पाडून द्यायला तयार झाला. मालकांना मीच दोन दिवस बसून पटवलं आणि बँकेतल्या नऊ लाखांतले सहा लाख सुतात घातले. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली.

आता नीट ऐका, कारण पोरं इथंच फसतात. वहीत आमचं सूत सहा लाखांचं, तयार माल चौदा लाखांचा, येणं अकरा लाख. कागदावर एकतीस लाख, हातात तीन. पगार आणि किरकोळ देणी मिळून आठवड्याला दीड लाख जायचे. म्हणजे आमचं आयुष्य दोन आठवडे! टॉवेल विकायला दुकानं उघडी लागतात. येणं वसूल व्हायला समोरच्याकडं पैसा लागतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण तो दाखवून कुणी फोन उचलत नाही.

वर आणखी एक. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. मी म्हटलं, सुटलो. व्याज कुठं थांबलं होतं?

आमच्या दिवाणजींनी मला एकच कागद करायला लावला: आज रोख किती, आणि एक पैसाही आला नाही तर किती दिवस पुरेल. दर शनिवारी. 'संकट व्यवस्थापना'च्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला पैसे भरण्यापेक्षा असा एखादा दिवाणजी शोधा, चहा पाजा.

घाबरू नका मात्र. अर्धवट माहितीवरच ठरवावं लागतं, सगळ्यांनाच. फक्त बघा, निर्णय मागं फिरवता येतो का. माग बंद केला तर पुन्हा चालू होतो. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणाऱ्या कारागिराला, काढलं आणि तो शेजारच्या कारखान्यात लागला, की संपलं. आम्ही माणसं ठेवली, निम्म्या पगारावर. मालक नको म्हणत होते. तेवढं एक माझं बरोबर आलं.

त्या सुताची शेवटची बाचकी दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघाली. त्यातली दोन उंदरांनी कुरतडली होती.