प्रखर गॅमा किरण स्फोटाचा उपग्रह डेटा तपासताना या चुका टाळा

9 ऑक्टोबर 2022, कोजागरीची संध्याकाळ. मराठवाड्यात दिवस मावळून अर्धा तास झाला होता आणि शर तारकासमूह जवळपास डोक्यावर आला होता. 6 वाजून 47 मिनिटांनी त्याच दिशेकडून आजवर नोंदलेला सर्वांत प्रखर गॅमा किरण स्फोट (अवकाशातून अचानक येणारा अतिऊर्जावान किरणांचा झोत) पृथ्वीवर पोहोचला. छत्रपती संभाजीनगरहून ती जागा शिरोबिंदूपासून जेमतेम चार अंशांवर होती. वातावरण गॅमा किरण अडवतं, त्यामुळे गच्चीवर दूध आटवणाऱ्यांना त्याचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. त्याचा प्रखर भडका टिपला तो उपग्रहांनी. हाच जीआरबी (गॅमा-रे बर्स्ट) 221009ए.

नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या, असे स्फोट टिपणाऱ्या जीबीएम उपकरणाचा डेटा सर्वांना खुला आहे, त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा स्फोट घ्यावासा वाटणं साहजिक आहे. जरूर घ्या. मात्र मंद स्फोटात सिग्नल शोधावा लागतो, तर इथे सिग्नल इतका जोरात आहे की उपकरणच गडबडतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

ट्रिगरनंतरची शंभर सेकंदंच बघणं

नेहमीच्या सवयीने ट्रिगरच्या (उपकरणाला स्फोटाची चाहूल लागल्याच्या क्षणाच्या) आधीची 20 आणि नंतरची 100 सेकंदं घेतली, तर एक किरकोळ उंचवटा दिसतो आणि मग सगळं शांत. ‘सर्वांत प्रखर म्हणतात तो हाच का?’ असा प्रश्न पडतो. ट्रिगर झाला तो सुरुवातीच्या छोट्या स्पंदावर. मुख्य भडका त्यानंतर 200 सेकंदं उलटून गेल्यावर आला आणि 500 सेकंदांच्या पुढे आणखी एक स्पंद आहे. तेव्हा निदान उणे 200 ते अधिक 1000 सेकंदांचा पट्टा घ्या. आधी 1 सेकंदाच्या बिनमध्ये (नोंदी मोजायच्या वेळेच्या तुकड्यांत) पूर्ण चित्र पाहा, मग हव्या त्या भागाला 64 मिलिसेकंदांच्या बिनमध्ये पाडा.

शिखराची उंची खरी मानणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. ट्रिगरनंतर 219 ते 277 आणि 508 ते 514 सेकंद हे दोन पट्टे जीबीएमच्या चमूनेच सदोष ठरवले आहेत. त्या काळात फोटॉन (प्रकाशकण) इतके दाटीने येत होते की काही नोंदी गळाल्या आणि काही एकमेकींत मिसळल्या.

साधं गणित करून पाहा. जीबीएमचा शोधक (डिटेक्टर) एक फोटॉन नोंदवला की 2.6 मायक्रोसेकंद आंधळा असतो. सेकंदाला 1,00,000 नोंदी दिसत असतील तर 0.26 सेकंद आंधळेपणात गेला. खरा दर झाला 1,00,000 भागिले 0.74, म्हणजे सुमारे 1,35,000. पण दुरुस्ती एवढ्यावर भागत नाही. दोन फोटॉन एकाच वेळी घुसले की शोधक त्यांची ऊर्जा एकत्र करून एकच फोटॉन लिहून ठेवतो. म्हणजे संख्या घटते आणि वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन याचा आलेख) मात्र उगाच जास्त ऊर्जेकडे झुकतो. वरच्या भागाकाराने हा दोष जात नाही. सदोष पट्ट्यात वर्णपटाचं फिटिंग करू नका. आलेखावर तो भाग करड्या रंगात दाखवा आणि तसं लिहा. शिखराचा अभ्यासच करायचा असेल तर चीनच्या जीकॅम-सी उपकरणाकडे वळा, त्याचा डेटा या भडक्यातही भरकटला नव्हता.

पार्श्वभूमी सरळ रेषेने काढणं

फर्मी साधारण 95 मिनिटांत पृथ्वीची फेरी मारतो. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या भोवतीच्या कणांचं प्रमाण आणि शोधकांचा रोख दोन्ही बदलतात. म्हणून पार्श्वभूमी (स्फोट नसतानाही येत राहणाऱ्या नोंदी) काढायला स्फोटाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन शांत पट्टे निवडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या घाताची बहुपदी बसवा. ती स्फोटाच्या मधल्या भागात शून्याखाली गेली किंवा फुगली, तर पट्टे चुकलेत. जीबीएमचे सोडियम आयोडाइडचे बाराही शोधक बेरजेत घेऊ नका. स्फोटाच्या दिशेशी 60 अंशांच्या आत असलेले तेवढेच घ्या.

डाउनलोड मध्येच लाइट गेल्याने तुटला तर अर्धवट फिट्स फाइलही (खगोलशास्त्रातल्या डेटाची नेहमीची फाइल) कधीकधी उघडते आणि आलेख अचानक संपतो. हेडरमधला चेकसम (फाइल धड आहे का हे सांगणारा आकडा) तपासल्याशिवाय त्याला ‘स्फोट थांबला’ म्हणू नका.

ॲस्ट्रोसॅटचा एकच चतुर्थांश पाहणं

आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणात चार चतुर्थांश, म्हणजे चार सारखे भाग आहेत. प्रत्येकात 16 मॉड्यूल, प्रत्येक मॉड्यूलमध्ये 256 पिक्सेल. एखादा पिक्सेल बिघडला की तो एकटाच भराभर नोंदी ओततो आणि हुबेहूब स्फोटासारखा उंचवटा उभा राहतो. चारही चतुर्थांशांचे आलेख एकाखाली एक लावा. खरा स्फोट चौघांतही एकाच क्षणी चढतो. वैश्विक किरणांमुळे येणारे नोंदींचे झुबके आधी साफ करा.

दिशेवरून पत्ता ठरवणं

स्विफ्ट उपग्रहाला हा स्फोट 53 मिनिटांनी दिसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याला इतकी लागून होती की सुरुवातीला तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा स्रोत वाटला. 0.151 एवढी तांबडसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप) मोजल्यावर अंतर कळलं: सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षं. पट्ट्याच्या दिशेचा स्रोत पट्ट्यातलाच असतो असं नाही.

वेळेचा घोळ

ट्रिगरच्या नावातलं 221009553 वाचून वेळ 5:53 धरणारे असतात. ते 553 म्हणजे दिवसाचे हजारांश. 0.553 ला 24 ने गुणा, दुपारचे सव्वाएक येतात, तेही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

त्याहून छुपी चूक लीप सेकंदांची, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातल्या जाणाऱ्या जादा सेकंदांची. फर्मीचं घड्याळ 1 जानेवारी 2001 पासून सेकंद मोजतं आणि त्यानंतर घातलेले पाच लीप सेकंदही त्यात धरतं. नुसत्या दिवसांना 86,400 ने गुणलं तर उत्तर पाच सेकंदांनी चुकतं. दहा मिनिटांच्या स्फोटात कदाचित ते जाणवणार नाही. पण 17 ऑगस्ट 2017 ला गुरुत्वीय लहरींनंतर गॅमा किरण आले ते 1.7 सेकंदांनी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा लहरी टिपणारी लिगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या नोंदींशी गॅमा किरणांची वेळ जुळवताना पाच सेकंदांची चूक आधी कोण आलं आणि नंतर कोण, हेच उलटं करून टाकेल.

तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का, हे पाहायला त्यात या स्फोटाच्या ट्रिगरचा फर्मीच्या घड्याळातला 687014224.99 हा आकडा टाका. 13:16:59.99 यूटीसी आलं तर ठीक, 13:17:04.99 आलं तर लीप सेकंद राहिलेत.